लाय सरांची कोरडी नळी

पाणी वरून खाली जाते, या विधानाशी लाय छंग-युएन यांचे निवृत्तीपर्यंत कधी भांडण झाले नव्हते. बेटावरच्या काउश्युंग नावाच्या बंदर-शहरात, मुलींच्या एका शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत. प्रत्येक विधानावर संशय घेणे त्यांच्या स्वभावातच होते. पण ज्या विधानांवर आपला संसार चालतो, त्यांच्यावरही संशय घेण्याइतकी सवड त्यांना नोकरीत मिळाली नाही. ती निवृत्तीनंतर मिळाली. तेव्हा त्यांना आढळले की पाणी खाली जाते हे खरेच. परंतु जाताना ते कसला आवाज करते, आणि तो आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाईंचा काय समज होतो, याविषयी पाठ्यपुस्तके आश्चर्यकारक मौन बाळगतात.

या सगळ्याच्या मुळाशी होते पोपटमासे. लालभडक, गोलमटोल, आणि जन्मतःच तोंड पूर्ण मिटता न येणारे हे मासे शाळेच्या प्रयोगशाळेबाहेरच्या टाकीत राहत, आणि सर रोज त्यांना खाणे घालत. ते मासे सदैव कशाने तरी थक्क झाल्यासारखे दिसत. सरांच्या शिकवण्याने इतके थक्क झालेले शाळेत दुसरे कोणीही नव्हते, त्यामुळे सरांचा त्यांच्यावर विशेष जीव होता. पुढे प्रयोगशाळा पाडून तिथे काहीतरी अधिक चकचकीत बांधायचे ठरले, आणि मासे एका मत्स्याहारी उपाहारगृहाला देण्याचा प्रस्ताव आला. "फक्त दारात शोभेला," असे मालक म्हणाला. सर स्वतः जाऊन पाहून आले. दारात शोभेच्या टाक्या होत्या खऱ्या. पण प्रत्येक टाकीवर भाव लिहिलेला होता.

मासे घरी आणायचे तर टाकी हवी, आणि एवढ्या माशांना ती सोफ्याएवढी हवी. पाण्यासकट तिचे वजन एका टनाच्या आसपास जात होते. सरांनी हे इमारतीच्या व्यवस्थापन समितीला प्रामाणिकपणे सांगितले. प्रामाणिकपणा हा त्यांचा जुना दोष.

समितीचे अध्यक्ष फांग हे बंदरावरच्या जकात खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. समोरचा माणूस काहीतरी लपवून नेत आहे, या गृहीतकावरच त्यांची सगळी कारकीर्द उभी होती. त्यांनी सरांच्या दिवाणखान्याची जमीन बुटाच्या टाचेने ठोकून पाहिली.

"एक टन म्हणजे नक्की किती?" ते म्हणाले.

"एक टन," सर म्हणाले.

"ते कळलं हो. माणसांत सांगा."

सरांनी माणसांत सांगितले. फांग यांनी लगेच समितीचे सगळे सदस्य, त्यांच्या बायका आणि वाटेत भेटलेला एक पोस्टमन असा जमाव गोळा करून टाकीच्या नियोजित जागी दाटीवाटीने उभा केला, आणि वजन अचूक व्हावे म्हणून शेवटी स्वतः कडेला उभे राहिले. जमीन खचली नाही. "जी जमीन समिती पेलते, ती मासे पेलेल," असा निर्णय झाला. एवढ्या प्रयोगावरून वर्षानुवर्षांच्या भाराबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे सरांना स्वच्छ दिसत होते. म्हणून त्यांनी स्वखर्चाने एका अभियंत्याला बोलावून जमीन आधीच दाखवली होती. पण निष्कर्ष आपल्या बाजूचा असताना पद्धतीवर आक्षेप घेणारा शास्त्रज्ञ त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि पहिला मान आपण घ्यावा असे त्यांना वाटले नाही.

अट मात्र एक घातली गेली. समिती एका रविवारी येऊन तपासणी करील. टाकीच्या रचनेतल्या दोषामुळे घरात पाणी सांडले, तर टाकी हलवावी लागेल. टाकी हलवणे म्हणजे मासे कुठे जाणार, हे सरांना ठाऊक होते. तिथे भावफलक तयारच होता.

रचना सरांनी स्वतः केली. टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा. टाकीतले जादा पाणी कंगव्यासारख्या दातऱ्यांवरून त्या कप्प्यात सांडते, कप्प्यातल्या नळीवाटे खालच्या कपाटातल्या गाळण-टाकीत उतरते, आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवतो. कप्प्यात नळ्या दोन, दोघींची तोंडे वर. पहिली आखूड, सगळे पाणी वाहून नेणारी. दुसरी तिच्याहून उंच आणि सदैव कोरडी. पहिली तुंबली, तरच पाणी चढत चढत तिच्या तोंडाशी पोचायचे आणि सगळा भार ती उचलायची. या कोरड्या नळीचा सरांना फार अभिमान होता. काहीही न करता हजर राहणे, हे एखाद्या उपकरणाचे केवढे मोठे कर्तव्य असू शकते, यावर त्यांनी पत्नीला संपूर्ण जेवणभर व्याख्यान दिले.

"तसा एक डॉक्टर होता आमच्याकडे," मेई-छिन म्हणाल्या. त्या एका मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका होत्या आणि त्यांनी नवऱ्याला पहिल्यापासून 'तू' म्हटले होते. 'लाय सर, तुम्ही' असे त्या फक्त तो हरल्यावर म्हणत.

पंप सुरू झाला, मासे थक्क झाले, आणि पहिल्या नळीने आवाज काढला. नळीत पाण्याबरोबर हवा शिरली की ती गिळते, उचकते आणि शेवटी मोठ्याने ढेकर देते. तो आवाज तंतोतंत संडासातल्या फ्लशचा होता, आणि तो थांबतच नव्हता.

दुपारी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या ल्याओ काकू दारात उभ्या होत्या. हातात काळ्या गोळ्यांची बाटली.

"कोणाचं पोट बिघडलंय, सर?"

"कोणाचंच नाही, काकू."

"लाजायचं काय त्यात. सकाळपासून ऐकतेय मी. माझ्या मिस्टरांना अस्संच झालं होतं, पेरूच्या बिया नडल्या. या तीन-तीन घ्या."

"तो माशांच्या टाकीचा आवाज आहे."

काकूंनी आत डोकावून माशांकडे पाहिले. मासे तोंडे उघडी टाकून त्यांच्याकडे पाहत होते. "मग त्यांना द्या," असे म्हणून त्यांनी बाटली ठेवली आणि गेल्या.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी आपली धून वाजवत गल्लीत शिरते, तेव्हा हातात पिशव्या घेतलेली सगळी इमारत फुटपाथवर जमते. गाडी यायला जरा उशीर होतो आणि गप्पांना ऊत येतो. जगात इतरत्र अशा मंडळींना विद्वत्परिषद म्हणत असावेत. त्या संध्याकाळी विषय अर्थातच सरांची नळी होता.

"पाणी कुठल्या दिशेला वाहतंय, ते आधी बघा," ल्याओ काकू म्हणाल्या. "दाराकडे वाहत असेल तर घरातला पैसा निघाला म्हणून समजा."

"ते गोल फिरतंय, काकू. वरून खाली, खालून वर."

"म्हणजे पैसा येतोही आणि जातोही. पेन्शनसारखा."

"मला विचाराल तर," फांग म्हणाले, "आवाज करणारी वस्तू काहीतरी लपवत असते. नळी उघडून बघा."

मेई-छिन यांनी मात्र एकच उपाय सुचवला, तो म्हणजे हिरवे पाकीट. नारळाच्या चवीचा, मक्याचा, लहान मुलांचा खाऊ. हे पाकीट यंत्रावर ठेवले की यंत्र शहाण्यासारखे वागते, अशी साऱ्या बेटाची श्रद्धा आहे. बँकेतले संगणक, कारखान्यांतली यंत्रे, सगळीकडे ते विराजमान असते. पाकीट हिरवेच हवे. आणि त्याची मुदत संपलेली असता कामा नये, कारण मुदत संपलेले पाकीट ठेवणे हे मुळीच न ठेवण्यापेक्षा वाईट.

"आमच्या अतिदक्षता विभागात एकूण एक यंत्रावर होतं," मेई-छिन म्हणाल्या. "एकही कधी बंद पडलं नाही."

"पाकीट नसलेलं एखादं यंत्र होतं का? तुलनेसाठी?"

"आणि तुलनेसाठी त्याला कुठला रुग्ण लावायचा, ते तू येऊन ठरवणार होतास का?"

फुटपाथवर हशा पिकला. सरांनी आपली पिशवी गाडीत जरा जास्तच जोराने टाकली, आणि ती वेगळ्या ठेवलेल्या रद्दी कागदाच्या ढिगात पडल्यामुळे त्यांना सर्वांदेखत ती परत काढावी लागली.

उपाय त्यांना माहीत होता, आणि तो संपूर्ण शास्त्रीय होता. पहिल्या नळीला खाली एक कॉक होता. तो नेमका इतका आवळायचा की नळी काठोकाठ पाण्याने भरून वाहील आणि हवेला जागाच उरणार नाही. केसभर सैल झाला तर नळी ढेकर देते. केसभर घट्ट झाला तर पाणी चढू लागते. सर रोज कपाटात डोके घालून तो केस शोधत राहिले. सकाळी सापडलेला केस दुपारी हरवे. आवाज कधी फ्लशचा, कधी उकळत्या किटलीचा, तर कधी घसा खाकरून भाषणाला उभ्या राहणाऱ्या फांग यांचा येई. ल्याओ काकू दुसरी बाटली घेऊन आल्या.

तपासणी तोंडावर आली. सर दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि खाऊच्या कपाटापुढे थबकले. हिरवी पाकिटे ओळीने उभी होती. शेजारी, मुदत संपत आलेल्या वस्तूंच्या फळीवर, पिवळी चिठ्ठी लावलेले एक छोटे हिरवे पाकीट अर्ध्या किमतीत होते.

सरांनी विचार केला, आणि त्या विचाराची बांधणी निर्दोष होती. मक्याच्या ताजेपणाचा द्रवाच्या प्रवाहावर परिणाम होण्याचा कोणताही मार्ग नाही. सबब पूर्ण किमतीचे पाकीट घेणे ही अंधश्रद्धा ठरेल. अर्ध्या किमतीचे घेणे हा प्रयोग.

घरी मेई-छिन नव्हत्या. त्या उद्यानात मैत्रिणींबरोबर नाचायला गेल्या होत्या. प्रश्न उरला जागेचा. पाकीट त्यांच्या नजरेस पडता कामा नये, कारण त्यानंतरचे सगळे आयुष्य सरांना त्यांच्याबरोबरच काढायचे होते. आणि ते भिजताही कामा नये. टाकीच्या अख्ख्या परिसरात जिथे पाणी कधीच पोचत नाही, अशी जागा त्यांच्या स्वतःच्या गणिताप्रमाणे एकच होती. त्यांनी पाकिटाची सुरळी केली आणि कोरड्या नळीच्या तोंडात घट्ट बसवली. मग खाली वाकून कॉकला सवयीने एक हलकासा हिसका दिला.

आवाज थांबला.

सर बराच वेळ कपाटासमोर मांडी घालून बसून राहिले. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे त्यांनी मुलींच्या कितीतरी तुकड्यांना बजावले होते. विज्ञानाच्या दृष्टीने आता पाकीट काढून पाहणे अत्यावश्यक होते. सरांनी ते काढले नाही. हा निर्णय त्यांनी कोणत्या शाखेच्या दृष्टीने घेतला, हे सांगणे कठीण आहे.

रविवारी समिती आली. दाराबाहेर बुटांची रांग लागली, आत पाहुण्यांसाठीच्या सपाता कमी पडल्या, चहा आणि अननसाच्या वड्या फिरल्या. टाकीतून चकार शब्द येत नव्हता. फांग यांनी काचेला कान लावला.

"फारच शांत आहे," ते संशयाने म्हणाले. "वीज गेली तर काय होईल?"

हा प्रश्न यावा म्हणून सर सकाळपासून मनातल्या मनात झुरत होते. त्यांनी कोपऱ्यातल्या कप्प्याचे झाकण मोठ्या दिमाखात उचलले, म्हणजे आतली करामत सर्वांना दिसावी, आणि पंप बंद केला. वरचे पाणी दातऱ्यांपर्यंत उतरले आणि थांबले. कप्प्यातले आखूड नळीच्या तोंडापर्यंत उतरले आणि थांबले. गाळण-टाकी काठोकाठ भरली, पण एक थेंब बाहेर आला नाही. एका सदस्याने टाळी वाजवली. त्याच क्षणी झाकणाच्या आतल्या कडेला कोणीतरी खोचून ठेवलेले एक हिरवे पाकीट सुटून कप्प्यात पडले, आणि त्याच्यामागून दुसरे. सरांना ते दिसले नाही. ते शिक्षक होते. शिक्षक फळ्याकडे नाही, वर्गाकडे पाहून बोलतात.

"आता वीज आली," ते म्हणाले, आणि त्यांनी पंप सुरू केला. "आणि आता ऐका. आवाज येतोय? अजिबात नाही."

खरोखरच येत नव्हता. पहिल्या पाकिटाला आखूड नळीने ओठांशी धरून असे शोषून घेतले होते की तिच्यातून थेंबही जात नव्हता. इतकी शांतता सरांना स्वतःलाही अपेक्षित नव्हती.

"पाणी वर चढतंय," ल्याओ काकू म्हणाल्या.

"चढणारच. घाबरण्याचं काही कारण नाही. पहिली नळी तुंबलीच, तर यासाठीच तर आपण दुसरी, कोरडी, पूर्णपणे मोकळी अशी..."

'मोकळी' हा शब्द उच्चारत असताना सरांना आठवले.

विश्वातले सर्व नियम त्या दिवशी चोख पाळले गेले. पाणी कोरड्या नळीच्या तोंडाशी आले, तिथे बसवलेल्या सुरळीकडे पाहून पुढे गेले, टाकीच्या काठावर क्षणभर फुगून उभे राहिले, आणि मग चारी बाजूंनी सांडले. सर्वात पुढे, शिडाच्या होडीसारखे डौलात, दुसरे हिरवे पाकीट काठावरून उतरले आणि फांग यांच्या मांडीवर विसावले. अननसाच्या वड्या बुडाल्या. सपाता तरंगू लागल्या. सर अजूनही बोटाने नळी दाखवत उभे होते. मेई-छिन यांनी त्यांना बाजूला सारून पंपाची पिन उपटली.

पाणी दाराकडे निघाले.

"पैसा चाललाय," ल्याओ काकू कडाडल्या आणि उंबऱ्यात आडव्या बसल्या. "अडवा त्याला. आत ढकला, आत."

समितीने जे सापडेल ते उचलले. झाडू, फरशी पुसायची फडकी, सोफ्याच्या उश्या, नियमावलीची जाडजूड फाईल. सगळे मिळून सरांची लक्ष्मी मागच्या बाल्कनीकडे हाकू लागले, आणि बाल्कनीतल्या जाळीतून ती गडप झाली. काकूंचे छत कोरडे राहिले ते या श्रद्धेमुळे. फक्त फांग यांचा एक बूट दाराबाहेर काठोकाठ भरला होता.

त्या बुटातले पाणी ओतून फांग परत आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बंदरावरची जुनी कळा होती. त्यांनी कप्प्यात हात घालून माल जप्त केला आणि टेबलावर मांडला.

"हे कोणाचं?"

"माझं," मेई-छिन म्हणाल्या. "यंत्र आहे, ठेवायला नको?"

"आणि हे, माझ्या मांडीवरचं?"

"माझं," ल्याओ काकू म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गोळ्या घेऊन आले होते तेव्हा खोचलं. खाली मी राहते. काळजी मलाच असणार."

तिसरे त्यांनी स्वयंपाकघरातल्या चिमट्याने कोरड्या नळीतून ओढून काढले. ते बाहेर येताना बाटलीचे बूच निघाल्यासारखा आवाज झाला.

"आणि हे?"

सर वाकून पायजमा पिळू लागले. फांग यांनी सुरळी उलगडली, पाकीट उलटे केले, चष्मा वर सारला, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मुदत काल संपली."

टेबलाभोवतीचे सगळे एक पाऊल मागे सरकले. काकूंनी तोंडावर हात ठेवला. माशांनीही थक्क होऊन पाहिले.

"तरीच," कोणीतरी पुटपुटले.

"एक मिनिट," सर म्हणाले. त्यांचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते, पण वर्ग भरकटला की त्यांना राहवत नसे. "मुदतीचा काही संबंध नाही. पाकिटाला वर तरंगवणारं बल एक भाग धरलं, तर नळीचं शोषण दहा भाग होतं. म्हणून ते चिकटून बसलं. आणि दुसरी नळी..."

"सर," फांग त्यांना थांबवत सावकाश म्हणाले, "नीट विचार करून बोला. इथे लिहायचं आहे. बिघाड मुदत संपलेल्या पाकिटाने झाला, की तुमच्या रचनेने? रचनेत कुठलंही पाकीट पडून नळी तुंबू शकते असं तुमचं म्हणणं असेल, तर तो रचनेचा दोष. मग टाकी हलवावी लागेल."

सरांनी टाकीकडे पाहिले. पाणी खाली गेले होते, आणि मासे एकमेकांना चिकटून, तोंडे उघडी ठेवून, त्यांच्या उत्तराची वाट पाहत होते. शाळेत, प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात, खाण्याची ते अशीच वाट पाहत. आयुष्यात पहिल्यांदाच सरांना अशा विधानाची गरज होती, जे खोटे नसेल आणि उपयोगी पडेल.

"मुदत," ते म्हणाले, "संपलेली होती, हे निर्विवाद आहे."

"लिहा," फांग सचिवांना म्हणाले. "आणि ठेवलं कोणी?"

पाकिटाच्या कोपऱ्यावर पिवळ्या चिठ्ठीचा भिजका तुकडा अजून चिकटलेला होता. मेई-छिन यांची नजर त्यावर गेली, तिथून ती सरांच्या ओल्या पायजम्यावर गेली आणि तिथे पुरेसा वेळ थांबली. अर्ध्या किमतीच्या फळीपुढे उभा राहणारा माणूस त्या घरात एकच होता.

"मीच," त्या म्हणाल्या. "गडबडीत तारीख बघायची राहिली."

नोकरीच्या सबंध काळात एकाही औषधाची तारीख बघायला न चुकलेली ती बाई हे इतक्या सहजपणे म्हणाली, की सरांना खुर्ची शोधून बसावे लागले. ती खुर्चीही ओली होती.

समितीने एकमताने ठरवले: रचना निर्दोष, टाकी राहील, मात्र यापुढे लिफ्ट, पाण्याचा पंप, जनित्र आणि टाकी, या सर्वांवरच्या पाकिटांच्या मुदती तपासण्यासाठी इमारतीतल्या एका जबाबदार, शास्त्रीय वृत्तीच्या माणसाची नेमणूक व्हावी. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. आवाजी मतदानाचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी नवनियुक्त तपासनीस पत्नीबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. पिवळ्या चिठ्ठ्यांच्या फळीकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते खाऊच्या कपाटापुढे उकिडवे बसले, पुढची सगळी हिरवी पाकिटे बाजूला केली, आणि खांद्यापर्यंत हात घालून अगदी मागच्या रांगेतले, सर्वात लांबच्या तारखेचे पाकीट ओढून काढले.

"लाय सर, तुम्ही?" मेई-छिन म्हणाल्या. "पूर्ण किमतीचं?"

"प्रयोग संपला."

"निष्कर्ष काय निघाला?"

"दोन्ही नळ्यांच्या तोंडावर जाळी बसवायची. म्हणजे काहीही पडलं तरी तुंबणार नाही. पाकिटाचा त्यात काडीचा संबंध नाही."

"मग हे कशाला?"

सरांनी तारीख पुन्हा एकदा वाचली, उजेडाकडे धरून खात्री केली, आणि पाकीट टोपलीत ठेवले.

"जाळीच्या वर," ते म्हणाले. "दोरीने बांधून."